कमांड लाइनवरून फायलींचं रूपांतर: साधन अडलं की वाट कशी काढायची

कमांड लाइनवरची रूपांतराची साधनं फुकट मिळतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि एका ओळीत शेकडो फायली हाताळतात. पण प्रत्येकाची एक हद्द असते, आणि ती ओलांडली गेली तरी बरीचशी साधनं काही बोलत नाहीत. ती गुपचूप अक्षरं गाळतात, तक्ता मोडतात, किंवा फक्त पहिलं पान लिहून थांबतात. नवी फाइल तयार होते, व्यवस्थित उघडते, आणि मजकूर हरवल्याचं फार उशिरा कळतं. देवनागरी मजकुराला हा धोका अधिक, कारण यांतली कित्येक साधनं एक अक्षर म्हणजे एक बाइट असं धरून बांधलेली आहेत.

एकाच साधनाने सगळं करावं हा हट्ट सोडलात की निम्मा त्रास संपतो. दोन-तीन लहान टप्प्यांनी जायचं, मध्ये एखादा सोयीचा थांबा घ्यायचा आणि प्रत्येक टप्प्यानंतर मोजून बघायचं. पुढचं सगळं याच पद्धतीने मांडलं आहे.

कमांडची नावं आणि पर्याय इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. ‘डॅश सी’ म्हणजे आडवी रेघ आणि लगेच सी हे अक्षर, ‘डबल डॅश’ म्हणजे दोन रेघा. रोमन अक्षर लहान की मोठं याने अर्थ बदलतो, म्हणून प्रत्येक पर्याय त्या साधनाच्या ‘मॅन’ पानावर (टर्मिनलमध्ये उघडणाऱ्या माहितीपानावर) एकदा पाहून घ्या.

हाताशी काय असावं

- फाइल, ओडी, हेड, टेल, डब्ल्यूसी, ग्रेप, सेड: ही बहुतेक लिनक्सवर आधीपासून असतात
- एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) बदलायला आयकॉन्व्ह आणि यूकॉन्व्ह: दुसरं ‘आयसीयू’ या संचासोबत येतं
- पॅनडॉक आणि लिबरऑफिस
- पॉपलरची साधनं: पीडीएफइन्फो, पीडीएफफॉन्ट्स, पीडीएफटूटेक्स्ट, पीडीएफटूपीपीएम
- ओसीआरसाठी, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखायला, टेसरॅक्ट, आणि त्यासोबत मराठीचा भाषासंच (तो वेगळा बसवावा लागतो)
- पायथन किंवा पर्ल, दोहोंपैकी जे येत असेल ते
- देवनागरीचे निदान दोन युनिकोड फॉन्ट

विंडोजवर काम करणाऱ्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बसवून त्यात हे सगळं चालवावं. मॅकवर ही साधनं मिळतात, पण तिथला सेड आणि आयकॉन्व्ह लिनक्सपेक्षा थोडे वेगळे वागतात. उदाहरणार्थ, मॅकच्या सेडला ‘डॅश आय’ नंतर राखीव प्रतीच्या नावासाठी एक शेपूट द्यावंच लागतं, निदान रिकामे अवतरण तरी.

१. मूळ फाइल बाजूला ठेवा

मूळ फायली एका फोल्डरमध्ये ठेवून तो फक्त वाचण्यापुरता करून टाका. काम नेहमी प्रतीवर.

नवख्यांचं सर्वात मोठं नुकसान इथेच होतं. एखादी फाइल वाचून निकाल ‘पेक्षा मोठं’ या चिन्हाने त्याच नावाच्या फाइलमध्ये वळवला, तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ती फाइल आधी रिकामी करतं आणि मग कमांड सुरू करतं. कमांडला वाचायला काहीच उरत नाही. निकाल नव्या नावाने लिहा, किंवा सॉर्टचा ‘डॅश ओ’ आणि सेडचा ‘डॅश आय’ वापरा. ‘मोअरयूटिल्स’ संचातलं स्पंज हे साधनही याचसाठी आहे: सगळं वाचून झाल्यावरच ते लिहायला घेतं.

२. नावावर जाऊ नका, आत काय आहे ते पाहा

फाइलच्या नावाच्या शेपटाला एक्सएलएस लिहिलेलं असतं आणि आत एचटीएमएलचा तक्ता निघतो. ऑनलाइन यंत्रणांतून उतरवलेल्या अहवालांत असं वारंवार आढळतं. डॉक नाव असलेल्या फाइलमध्ये आरटीएफ असतं. रूपांतराचं साधन मग ‘फाइल खराब आहे’ म्हणून अडतं, आणि आपण भलतीकडे दुरुस्ती शोधत बसतो.

म्हणून आधी ‘फाइल’ ही कमांड चालवा. प्रकार, बहुधा असलेलं एन्कोडिंग आणि ओळींचा शेवट कसा आहे हे ती सांगते. ‘बहुधा’ म्हणण्याचं कारण, ती मोठ्या फाइलचा सुरुवातीचा भाग पाहून अंदाज बांधते. सुरुवात रोमन लिपीत आणि मराठी मजकूर खूप पुढे असेल, तर अंदाज चुकू शकतो. शंका आली की हेडने पहिले शंभर बाइट काढून ते ओडीने षोडशमान पद्धतीत पाहा. तीन खुणा लक्षात ठेवल्या तर पुरे. सुरुवातीला ‘ईएफ बीबी बीएफ’ दिसलं तर यूटीएफ-८ आणि त्याआधी बीओएम हे एन्कोडिंग ओळखण्याचं चिन्ह. ‘एफएफ एफई’ दिसलं तर यूटीएफ-१६. आणि बाइटच्या रांगेत ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ सतत येत असेल, तर ती यूटीएफ-८ मधली देवनागरी.

बीओएमबद्दल एवढं सांगतो की एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली फाइल) उघडायची असेल तर ते हवं असतं, आणि शेलच्या स्क्रिप्टमध्ये असेल तर पहिली ओळच बिघडते. विंडोजच्या ओळींच्या शेवटी असणारा जादा बाइट डॉस-टू-युनिक्सने निघतो.

३. एन्कोडिंग बदलताना

आयकॉन्व्हला दोन गोष्टी सांगायच्या: ‘डॅश एफ’ पुढे मूळ एन्कोडिंग, ‘डॅश टी’ पुढे हवं असलेलं. न बदलता येणारं अक्षर आलं की ते थांबतं आणि कितव्या बाइटवर अडलं ते सांगतं. हा थांबा उपयोगाचा आहे. बरेच सल्ले मिळतात की ‘डॅश सी’ लावा, मग चूक येणार नाही. चूक खरंच येत नाही, कारण अडणारं प्रत्येक अक्षर गाळलं जातं! जवळचं अक्षर बसवणारा ट्रान्सलिट हा पर्यायही देवनागरीच्या बाबतीत बहुतेक वेळा प्रश्नचिन्हंच देतो. त्यापेक्षा सांगितलेल्या बाइटपर्यंतचा भाग हेडने कापा, त्याच्या शेवटचे चाळीसेक बाइट टेलने पाहा, आणि तिथे नेमकं काय आहे ते शोधा. बहुधा एखाद्याच ओळीत दुसऱ्या एन्कोडिंगचा तुकडा चिकटवलेला असतो.

यूटीएफ-१६ मधली फाइल आली तर इतर काही करण्याआधी ती यूटीएफ-८ मध्ये आणा. यात सूट नाही. यूटीएफ-१६ मध्ये ‘ऊ’ हे अक्षर ०९ आणि ०ए या दोन बाइटांनी लिहिलं जातं, आणि ओळीवर चालणारी सगळी साधनं ०ए या बाइटला ओळीचा शेवट समजतात. म्हणजे ग्रेप, स्प्लिट, सेड यांच्या दृष्टीने प्रत्येक ‘ऊ’ पाशी ओळ तुटते. ‘उ’ म्हणजे ०९ ०९, तर ते त्यांना दोन टॅब वाटतात. ‘ऊन’ आणि ‘ऊस’ लिहिलेल्या ओळीच नेमक्या का फाटतात याचं कोडं इथे सुटतं.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे दुहेरी रूपांतर. यूटीएफ-८ मधली फाइल कुणीतरी विंडोज-१२५२ समजून वाचली आणि पुन्हा यूटीएफ-८ मध्ये जतन केली, की मराठीच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चलनाचं गोल चिन्ह अशी जोडी पानभर दिसते. उपाय उलटा आहे: आयकॉन्व्हला ‘यूटीएफ-८ मधून विंडोज-१२५२ मध्ये’ असं सांगायचं, आणि जे बाहेर येईल तीच मूळची यूटीएफ-८ फाइल असते.

मात्र हा उपाय मराठीवर सरळ लागू पडत नाही, आणि त्याचं कारण ठाऊक असलं तर वेळ वाचतो. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना कोणतंही अक्षर नेमलेलं नाही. आणि हलन्ताच्या यूटीएफ-८ रूपातला शेवटचा बाइट नेमका ८डी आहे. म्हणजे प्रत्येक जोडाक्षरापाशी आयकॉन्व्ह अडणार. ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’ आणि चंद्रबिंदूचीही तीच गत. अशा वेळी पायथनचं एफटीएफवाय हे ग्रंथालय वापरा. हे पाच बाइट सांभाळून घेणारी सैल आवृत्ती त्यात आहे, आणि ते टर्मिनलवरूनही चालतं. मधल्या कुणी हे बाइट आधीच पुसून टाकले असतील तर मात्र हलन्त परत येत नाही. मूळ फाइल मागवा.

४. जुन्या फॉन्टमधला मजकूर

कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर त्या फॉन्टमध्येच मराठी दिसतो. दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हं. इथे आयकॉन्व्हचा काहीही उपयोग नाही, कारण संगणकाच्या लेखी ती खरोखरच रोमन अक्षरं आहेत. त्यांचं चित्र तेवढं मराठी आहे. तुम्हाला त्या विशिष्ट फॉन्टचा नकाशा लागतो: कोणत्या चिन्हाला कोणतं देवनागरी अक्षर. एका फॉन्टचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही.

नकाशा मिळाला तरी नुसती बदलाबदल पुरत नाही. क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा लांब जोड्या बदला, मग एकेरी चिन्हं. दोन-तीन चिन्हं मिळून एक अक्षर होत असेल आणि तुम्ही एकेरी चिन्ह आधी बदललंत, तर ती जोडी नंतर सापडणार नाही.

मग ऱ्हस्व वेलांटी सरकवा. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ‘स्थिती’ सारख्या शब्दात ती ‘स्’ नंतर नाही, अख्ख्या ‘स्थ’ नंतर न्यायची. म्हणून शोधाचा साचा ‘वेलांटी, मग व्यंजन-हलन्त अशा शून्य किंवा अधिक जोड्या, मग एक व्यंजन’ असा हवा.

शेवटी रफार. तो उलट्या दिशेने जातो. ‘कर्ता’ मध्ये जुना फॉन्ट रफार ‘ता’ च्या नंतर ठेवतो, युनिकोडला ‘र्’ हा ‘त’ च्या आधी लागतो. इथे काना-मात्रा ओलांडून अख्ख्या अक्षराच्या मागे जावं लागतं, म्हणूनच वेलांटी आधी जागेवर बसलेली असावी.

हे सेडमध्ये जमतं, पण साचे वाचवत नाहीत. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत स्वच्छ होतं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा उघडल्यावर समजतंही.

यातला सर्वात चिवट भाग मिश्र मजकुराचा. त्याच दस्तऐवजात इंग्रजी शब्द असतील तर नकाशा त्यांनाही मराठी समजून बदलतो. साध्या मजकुरात हा भेद उरत नाही. फॉन्टचं नाव फक्त मूळ दस्तऐवजात असतं, आणि पॅनडॉक ते फेकून देतं. म्हणून लिबरऑफिसने फाइल आधी ‘फ्लॅट ओडीटी’ मध्ये काढा. ती एकच एक्सएमएल फाइल असते आणि कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते तिच्यात शैलीच्या नावाने वाचता येतं. तेवढेच तुकडे निवडून नकाशा लावा. कष्टाचं आहे, पण पानं वाचत हाताने दुरुस्त करण्यापेक्षा शतपटीने बरं.

आयएससीआयआय या भारतीय मानकातल्या फायली हा वेगळा प्रकार आहे. ते खरं एन्कोडिंग आहे, १९९१ सालचं आयएस १३१९४. लिनक्समधल्या आयकॉन्व्हला ते येत नाही, यूकॉन्व्हला येतं.

५. सारखं दिसतं, पण सापडत नाही

ग्रेपने ‘ॲप’ शोधता आणि फाइलमध्ये डोळ्यांसमोर असलेला ‘अॅप’ सापडत नाही. पहिल्यात ‘ॲ’ हे एकच स्वतंत्र चिन्ह आहे, जे युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. दुसऱ्यात ‘अ’ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं आहेत. शिवाय ‘ऍ’ हे तिसरंच अक्षर वापरणारेही बरेच. युनिकोडच्या नियमांप्रमाणे ही तिन्ही वेगळी आहेत, त्यामुळे नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने) ती एक होत नाहीत. सेडने स्वतः एकाकडे वळवायची.

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधल्या अर्ध्या र ची कथा जरा वेगळी. तो तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो: नुक्त्यासह तयार असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा ‘र’, सुटा नुक्ता आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. यूकॉन्व्हने एनएफसी या नॉर्मलायझेशनच्या रूपात आणलं की पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो, तो सेडने बदला.

एक इशारा मनापासून देतो. अदृश्य चिन्हं म्हणजे कचरा असं समजून ती सरसकट पुसू नका. तिसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ मधलं जोडचिन्ह काढलं की ‘दर्या’ उरतो, आणि डोंगरांमधल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. आधी अर्धा र बदला, मग उरलेल्या जोडचिन्हांकडे बघा.

६. बाइट मोजणारी साधनं ओळखा

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘मराठी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा, युनिकोडच्या हिशोबात पाच चिन्हांचा, आणि डिस्कवर पंधरा बाइटांचा. डब्ल्यूसीला ‘डॅश सी’ दिलं तर १५ मिळतात, ‘डॅश एम’ दिलं तर ५. तीन हे उत्तर त्याच्याकडून मिळत नाही. त्यासाठी पर्लच्या शोधसाच्यातलं उलटी तिरपी रेघ आणि मोठा एक्स हे चिन्ह आहे: काना-मात्रेसह अख्खं अक्षर ते एकदम पकडतं.

टीआर हे साधन लिनक्सवर बाइटवारच चालतं. देवनागरी अंक इंग्रजीत करायला ते वापरलं तर फक्त अंक बिघडत नाहीत. सगळ्या अंकांचे पहिले दोन बाइट ई० आणि ए५ आहेत, पैकी ई० तर प्रत्येक देवनागरी चिन्हात असतो. टीआर तोही बदलतं आणि अख्खी फाइल मातीमोल होते. याच कामासाठी सेडची ‘वाय’ ही आज्ञा वापरा. एका बाजूला दहा देवनागरी अंक, दुसऱ्या बाजूला दहा इंग्रजी. कटचा ‘डॅश सी’ बऱ्याच ठिकाणी असाच बाइट मोजतो: दहा मागितले तर तीन चिन्हं आणि चौथ्याचा तुटका तुकडा हाती येतो.

सेड आणि ग्रेप अक्षरं ओळखतात, पण लोकेल (यंत्रणेची भाषा आणि एन्कोडिंग ठरवणारी मांडणी) यूटीएफ-८ असेल तरच. सर्व्हरवर, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) किंवा कंटेनरच्या आत लोकेल बहुधा ‘सी’ असतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एलसी-ऑल या चलाला यूटीएफ-८ चं लोकेल द्या. घरच्या संगणकावर चालणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर बिघडते, तेव्हा सर्वात आधी हेच तपासावं. सॉर्टचंही तेच: ‘सी’ लोकेलमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर लागतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो.

७. वर्ड आणि तत्सम दस्तऐवज

पॅनडॉक मार्कडाउन, एचटीएमएल, डॉकएक्स, ईपब अशा अनेक प्रकारांत ये-जा करतं. पण त्याला जुनी डॉक फाइल वाचता येत नाही, पीडीएफ वाचता येत नाही, आणि यूटीएफ-८ शिवाय दुसरं एन्कोडिंग चालत नाही. जुन्या डॉकसाठी मधला थांबा घ्या: लिबरऑफिसला ‘डबल डॅश हेडलेस’ (म्हणजे खिडकी न उघडता) आणि ‘डबल डॅश कन्व्हर्ट-टू’ सांगून डॉकएक्स करा, मग पॅनडॉक.

पॅनडॉक रचना जपतं, रूप जपत नाही. शीर्षकं, याद्या, तळटीपा येतात. रंग, समास, मजकूरचौकटी जातात. रूप हवं असेल तर नमुना दस्तऐवज ‘रेफरन्स-डॉक’ या पर्यायाने द्या. चित्रं सोबत हवी असतील तर ‘एक्स्ट्रॅक्ट-मीडिया’ विसरू नका. संपादकांच्या खुणा असलेल्या फाइलमध्ये ‘ट्रॅक-चेंजेस’ ला ‘ऑल’ दिलं नाही, तर सगळे बदल मान्य धरून मजकूर येतो आणि शेरे गायब होतात.

मराठीची पीडीएफ करताना पॅनडॉकचं मूळ इंजिन पीडीएफलाटेक्स आहे, आणि ते देवनागरी पाहून थांबतं. झीलाटेक्स निवडा, ‘मेनफॉन्ट’ मध्ये देवनागरी फॉन्टचं नाव द्या आणि ‘मेनफॉन्टऑप्शन्स’ मध्ये लिपी देवनागरी असल्याचं सांगा. हे शेवटचं राहिलं तर अक्षरं येतात, पण जोडाक्षरं सुटी पडतात. मला विचाराल तर साध्या दस्तऐवजासाठी पॅनडॉकने एचटीएमएल करून ती ब्राउझरच्या हेडलेस छपाईतून पीडीएफ करणं सोपं पडतं. ब्राउझरला देवनागरीची जुळणी नीट येते.

लिबरऑफिसचे तीन सापळे. त्याची खिडकी आधीच उघडी असेल तर हेडलेस कमांड काहीच न करता परत येऊ शकते. ‘यूझर-इन्स्टॉलेशन’ या चलात वेगळ्या तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता देऊन चालवा. एकाच वेळी अनेक रूपांतरं चालवायची असतील तर प्रत्येकाला वेगळं फोल्डर. दुसरा, स्प्रेडशीटची सीएसव्ही करताना साध्या कमांडने फक्त पहिली शीट येते, आणि एन्कोडिंग सांगितलं नाही तर मराठी बिघडू शकते. फिल्टरच्या पर्यायांत ४४, ३४, ७६ हे आकडे द्या: स्वल्पविराम, दुहेरी अवतरण आणि यूटीएफ-८. तिसरा, दस्तऐवजातला फॉन्ट यंत्रावर नसेल तर दुसराच बसवला जातो आणि पानांची संख्या बदलते. एफसी-लिस्टला मराठीचा भाषासंकेत देऊन कोणते फॉन्ट आहेत ते आधी पाहा.

८. पीडीएफमधून मजकूर काढणं

इथे घाई करू नका. पीडीएफमध्ये मजकूर नसतो, कागदावर कोणती आकृती कुठे काढायची त्याच्या सूचना असतात. मजकूर त्यातून ओळखून काढावा लागतो.

सुरुवात पीडीएफफॉन्ट्सने करा. यादी रिकामी आली तर पानं म्हणजे स्कॅन केलेली चित्रं आहेत, थेट ओसीआरकडे जा. फॉन्ट दिसले तर ‘यूएनआय’ हा रकाना वाचा. तिथे ‘नो’ असेल तर आकृतीवरून अक्षर कळण्याचा तक्ताच फाइलमध्ये नाही, आणि पीडीएफटूटेक्स्ट कचरा देईल. ‘येस’ असेल तरी मराठीत निश्चिंत होऊ नका. जोडाक्षरांच्या आकृत्या आणि आधी काढलेली वेलांटी यामुळे क्रम विस्कटतो. एक पान काढून शब्द न् शब्द वाचा. नीट असेल तर पुढे. तक्ते असतील तर ‘डॅश लेआउट’ लावा, दोन स्तंभांचा मजकूर असेल तर लावू नका, कारण दोन्ही स्तंभ एका ओळीत येतात.

मजकूर विस्कटलेला निघाला तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पानांची चित्रं करून ओसीआर करणं मराठीसाठी जास्त खात्रीचं ठरतं, फाइल मूळची संगणकावर बनलेली असली तरी. पीडीएफटूपीपीएमला ‘डॅश आर’ पुढे ३०० सांगा आणि पीएनजी चित्रं घ्या. टेसरॅक्ट पीडीएफ थेट वाचत नाही, त्याला चित्रंच लागतात. भाषा ‘एमएआर’ द्या, आणि मजकुरात इंग्रजी असेल तर अधिक चिन्ह लावून ‘ईएनजी’ जोडा. गरज नसताना इंग्रजी जोडलं तर शून्याच्या जागी रोमन ओ येऊ लागतो. जी पानं नुसत्या एकसंध मजकुराची आहेत त्यांना ‘पीएसएम’ ६ देऊन पाहा.

हे चित्र काढायचं काम इमेजमॅजिक या चित्रांच्या साधनाने करू गेलात तर ‘परवानगी नाही’ असा संदेश येण्याची शक्यता आहे. ते पीडीएफसाठी घोस्टस्क्रिप्ट वापरतं, आणि २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्यावर डेबियन आणि उबुंटूने पीडीएफ हाताळणी धोरणाच्या फाइलमध्ये बंद केली. ती फाइल बदलण्याचे सल्ले भरपूर मिळतील. पीडीएफटूपीपीएम असताना त्याची गरजच नाही.

९. सीएसव्ही

ऑक या रकाने वेगळे करणाऱ्या साधनाला स्वल्पविराम सांगून सीएसव्ही फोडणं अवतरणातल्या पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच चालतं. पत्त्यांच्या रकान्यात तर ओळसुद्धा मध्येच तुटते. जीऑकच्या ५.३ आवृत्तीपासून सीएसव्हीचा खास पर्याय आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर मिलर किंवा पायथनचा सीएसव्ही विभाग.

१०. एका फाइलवरून शेकडो फायलींवर

फायलींच्या नावांत मोकळ्या जागा असतातच. शोधलेली नावं फाइंडच्या ‘प्रिंट-शून्य’ ने द्या आणि एक्सआर्ग्जला ‘डॅश शून्य’ सांगा. स्क्रिप्टमध्ये चल नेहमी दुहेरी अवतरणात. नावाची सुरुवात रेघेने असेल तर साधन तिला पर्याय समजतं, म्हणून नावापुढे बिंदू आणि तिरपी रेघ लावा. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत शेपूट धरून जेमतेम ८५ चिन्हं. लेखाचं शीर्षक जसंच्या तसं फाइलचं नाव करणारी स्क्रिप्ट इथे अडखळते.

यादी वाचत चालणाऱ्या ‘व्हाइल रीड’ चक्रात एफएफएमपेग किंवा एसएसएच असेल, तर ते पुढची नावं स्वतःच गिळून टाकतं आणि चक्र पहिल्याच फाइलनंतर थांबतं. एफएफएमपेगला ‘नो-एसटीडीइन’ आणि एसएसएचला ‘डॅश एन’ द्या.

११. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी

बॅश या शेलमध्ये पाइपने जोडलेल्या (एकीचा निकाल पुढचीला देणाऱ्या) कमांडपैकी फक्त शेवटचीचा निकाल कळतो. आधीचं आयकॉन्व्ह अर्ध्यात मेलं तरी सगळं ठीक दिसतं. ‘सेट डॅश ओ पाइपफेल’ ही ओळ प्रत्येक स्क्रिप्टच्या वर लिहा.

मग हे चार आकडे काढा:

- आयकॉन्व्ह यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच चालवून निकाल फेकून द्या. तक्रार आली तर आत तुटका बाइट आहे.
- काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हाची, म्हणजे बदली-चिन्हाची संख्या ग्रेपने मोजा. ती शून्य हवी. साधी प्रश्नचिन्हं रूपांतराआधी आणि नंतर सारखीच असावीत.
- ‘डब्ल्यूसी डॅश एम’ आधी आणि नंतर. जुन्या फॉन्टच्या बाबतीत ही संख्या बदलणारच, तिथे शब्दांची संख्या ताडून पाहा.
- पीडीएफइन्फोने सांगितलेली पानं आणि काढलेल्या मजकुरातली पानबदलाची चिन्हं. पीडीएफटूटेक्स्ट प्रत्येक पानानंतर ‘फॉर्म फीड’ हा ०सी बाइट लिहितं, टेसरॅक्टची चौथी आवृत्तीही लिहिते. मोजणी झाल्यावरच ती चिन्हं पुसा.

आकडे जुळले की मधली तीन पानं उघडून वाचा: एक जोडाक्षरांनी भरलेलं, एक तक्त्याचं, आणि एक जिथे इंग्रजी व मराठी एकाच ओळीत आहे. तिन्ही बरोबर निघाली की पूर्ण फोल्डरवर स्क्रिप्ट चालवा.